लाईट गेली म्हणजे काय गेलं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मोबाईलवर लिहायला मला येत नाही आणि शिकायचंही नाही. पण सुनेचा तो कोंबडीपालनाचा ग्रुप मी एक दिवस जवळून पाहिला. त्याची किळस अजून जात नाही.

सुनेनं अंडी उबवायचं मशीन आणलं होतं. थर्माकोलची पेटी, आत पिवळा बल्ब, वर ऊब किती ते आकड्यात दाखवणारी आणि बल्ब चालू-बंद करणारी डबी. आमच्या बेंबळी गावात घरोघरी फिरून तिनं गावरान अंडी गोळा केली. पिल्लं विकून स्वतःचा धंदा करायचा, नवऱ्यापुढं हात पसरायचा नाही, एवढंच तिच्या मनात होतं. पिल्लं निघायला थोडेच दिवस उरले असताना सकाळी उठून बघते तर बल्ब पेटेना. नवा लावला, तोही पेटेना. अंडी गार पडली की आतला जीव जातो. तिनं घाईघाईनं ग्रुपवर लिहिलं.

"काय लिवलंस?" मी विचारलं.

"लाईट गेली, अंडी मशीनमदी हायती, काय करू, लवकर सांगा."

मलाही त्यात खोट दिसली नाही. आपल्याकडं बल्ब गेला तरी लाईट गेली आणि गावाची वीज गेली तरी लाईटच गेली.

उत्तरं बदाबदा आली. इन्व्हर्टर घ्या. जनरेटर भाड्यानं आणा. सोलर बसवा. एकानं गुलाबाचं चित्र टाकून शुभ सकाळ केली. एक म्हणाला, ताई, नंबर पाठवा, फोनवर निवांत सांगतो. एकानं लिहिलं, आमच्याकडंबी सेम. सेम आहे तर गप बस की मेल्या. दोघं वीजबिलावरून एकमेकांची आई-बहीण काढायला लागले. सून फिरत्या पंख्याखाली बसून हे सगळं वाचत होती.

"अगं, घरात लाईट हाय म्हनून सांग त्यास्नी."

"मग गेली कशाला म्हनली म्हनतील. हसतील, आत्या."

अंडी गार पडत होती आणि हिला लाज वाटत होती. मी गोधडी आणून पेटीवर टाकली. दुसरं काय करणार?

दुपार कलल्यावर एकानं नीट विचारलं. वीज गेली की मशीनमधला बल्ब? बल्ब बदलून पाहिला का? डबीचं बटण दाबून धरल्यावर आकडा किती येतो?

सुनेनं बटण धरलं. सत्तावीस.

"सदतीस पाहिजे, ताई. डबी पुसताना बटण दाबलं गेलं असंल. आता सत्तावीसच्या वर ऊब असली की डबी बल्ब पेटूच देत नाही."

आकडा बदलला, बल्ब पेटला. काय झालं, आपण काय करून बघितलं, डबीवर काय दिसतंय, एवढं सकाळीच लिहिलं असतं तर चहा उकळेपर्यंत काम झालं असतं. दवाखान्यात नुसतं 'दुखतंय' म्हटलं तर डॉक्टर कुठं म्हणून विचारतो तरी. या ग्रुपवर कुठं दुखतंय ते न विचारताच जो तो औषध सांगतो.

पिल्लं निघाली ती मोजकीच, तीही मरगळलेली. बाकीची अंडी आम्ही दोघींनी परसात खड्डा करून त्यात टाकली. त्यातली दोन अंडी हातातच फुटली. असला घाण वास, की सून भिंतीकडं तोंड करून ओकली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. इन्व्हर्टरवाल्यानं इतक्या दिवसांनी विचारलं होतं, ताई, आली का लाईट?

सून हात पुसून लिहायला लागली.

"काय लिवतीस?"

"आली म्हनून."

"कुठली ते लिव," मी म्हणाले आणि खड्ड्यावर माती लोटली.