चौथी ब ची क्वार्टरबॅक

माझी ही फजिती धुळ्याच्या देवपुरातल्या निम्म्या बायकांनी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि उरलेल्या निम्म्यांना ती आमच्या कंडक्टर अक्का तिकीट देता देता बसमध्ये ऐकवतात. तेव्हा तुमच्यापासून लपवून काय उपयोग? चहा ओतून घ्या, सांगूनच टाकते.

माझी लेक स्वरा चौथीत आहे. तिच्या शाळेत गेल्या वर्षापासून फ्लॅग फुटबॉल सुरू झालं. हे आपलं पायाने खेळायचं फुटबॉल नव्हे बरं का. यात बॉल हाताने फेकतात, आणि तो गोलही नसतो, भरताच्या वांग्यासारखा लांबट असतो. सगळ्यांच्या कमरेला दोन रंगीत पट्ट्या. ज्याच्या हातात बॉल, त्याची पट्टी समोरच्याने ओढली की डाव तिथेच संपला. आणि या सगळ्यात क्वार्टरबॅक म्हणजे कोण, तर जिच्या हातात आधी बॉल देतात आणि मग जिच्या अंगावर माणसं सोडतात, ती. तिने तीन-चार सेकंदांत बघायचं, आपलं कोण मोकळं आहे, आणि तिकडे बॉल फेकायचा. सकाळी पावणेसातला दूध उतू जातंय, डबा उघडा आहे आणि खाली रिक्षावाला हॉर्न मारतोय, तेव्हा आपण जे करतो ना, तेच. फक्त पट्ट्या लावून.

स्वरा क्वार्टरबॅक होती. फेकायची छान. पण समोरून पोरं धावून आली की ही बॉल जो जवळ दिसेल त्याच्या हातात देऊन मोकळी. दोनदा समोरच्या टीमला दिला. एकदा तर शिट्टी तोंडात धरून उभ्या असलेल्या सरांनाच दिला.

तिसऱ्या मॅचनंतर घरी येऊन म्हणाली, "आई, माझं नाव काढून टाक."

ही पोरगी वर्गात हात वर करत नाही. खोडरबर कुणी मागितला की देते, परत मागत नाही. स्वतःहून हट्टाने मागितलेली पहिली गोष्ट म्हणजे हा खेळ. आणि हा स्वभाव कुणाकडून आलाय, हे शोधायला मला लांब जावं लागत नव्हतं. आरशापर्यंत गेलं की पुरे.

मी तिला समोर बसवलं. "हे बघ, धावून येणाऱ्याकडे बघायचंच नाही. लांब बघायचं. पाय रोवायचे, बॉल धरून ठेवायचा. सोपं आहे."

"मग तू खेळून दाखव."

"दाखवीन की."

"आयांची मॅच आहे स्पोर्ट्स डेला. तू घाबरून बॉल देऊन टाकलास तर माझं नाव काढायचं. कबूल?"

आता आईने 'नाही' म्हणायचं का? म्हणाले, "कबूल."

माझा बेत कोपऱ्यात कुठेतरी उभं राहण्याचा होता. पण मी काळजीखोर बाई. आयांच्या ग्रुपवर सरांना प्रश्न विचारत सुटले. बॉल किती वेळ धरता येतो? डावीकडून आले तर? दोघी एकदम आल्या तर? कुणीच मोकळं नसेल तर? चौदाव्या प्रश्नाला सरांचं उत्तर आलं, "मॅडम, तुमचा एवढा अभ्यास आहे, तर क्वार्टरबॅक तुम्हीच." खाली एकवीस आयांचे अंगठे. भीतीला लोक अभ्यास समजतात, हे मला बारावीला कळलं असतं तर बरं झालं असतं.

पण मागे हटायचं नाही, ठरवलंच होतं. आठ दिवस रोज संध्याकाळी हे ऑफिसातून आले की मी त्यांना गच्चीवर न्यायची आणि माझ्या अंगावर धावून यायला लावायची. "अजून जोरात. ओरडत या." हे बिचारे टाय सोडून ओरडत यायचे. समोरच्या गच्चीवरून पाटीलकाकूंनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी वाटीभर शेव घेऊन आल्या आणि सासूबाईंना हळूच म्हणाल्या, "घरात सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे की," सासूबाई म्हणाल्या. "तीच मारायला सांगते त्याला."

मॅचचा दिवस उजाडला. समोर चौथी अ च्या आया, आणि त्यांच्यात अगदी मधोमध आमच्या अक्का. अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. त्यांचा धाकटा चौथी अ मध्ये. अक्का बसमध्ये कंडक्टर आहेत, धुळे-पाचोरा, सतरा वर्षं. क्वार्टरबॅकवर धावून जायचं काम त्यांच्याकडे होतं. सरांना माणसांची पारख आहे.

पहिल्या डावात मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा माझी पट्टी अक्कांच्या हातात होती.

दुसऱ्या डावात डोळे उघडे ठेवले, पण हात थांबेना. जैन वहिनी आमच्या संघात, त्यांनी पळून पुढे जायचं आणि बॉल झेलायचा. त्या अजून वळल्याही नव्हत्या, मी फेकला. पाठीत बसला. "वैशाली, बोलली असतीस तर मीच बाहेर गेले असते," त्या म्हणाल्या.

दोन्ही संघ बरोबरीत, शेवटचा डाव. दोरीपलीकडे स्वरा उभी, दोन्ही हातांनी दोरी धरून. मी तिच्याकडे पाहून मान हलवली.

बॉल हातात आला. आणि सांगू का, या वेळी मी अजिबात घाबरले नव्हते. पाय रोवले. लांब पाहिलं. सगळं कसं सावकाश दिसायला लागलं. डावीकडे गर्दी, उजवीकडे जैन वहिनी एकट्या, हात वर करून. मी हात मागे नेला.

तेवढ्यात आमच्या रांगेपलीकडून अहिराणीत आवाज आला. "बठ्ठ्या बाया आठेच काय उभ्या शेतस? सरका पुढे."

सगळ्या इथेच काय उभ्या, असं म्हटल्यावर आमच्या बायका सरकल्या. सतरा वर्षांचा आवाज आहे तो, भरल्या बसमध्ये वाट करणारा. मोकळ्या झालेल्या जागेतून अक्का आल्या, माझ्यासमोर थांबल्या, हात पुढे केला आणि म्हणाल्या, "आण इकडे."

मी दिला.

कसा दिला तेही सांगते. मागे नेलेला हात पुढे आणला, ओढणी खांद्यावर नीट केली, बॉल दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "घ्या अक्का."

लग्नाला अकरा वर्षं झाली. अक्कांनी हात पुढे केला की मी देते. मोरपंखी साडी दिली, धरणगावहून, माहेरून आणलेली लोणच्याची बरणी दिली, एकदा तर अर्धी भाजलेली चपाती तव्यासकट दिली. डोकं विचार करतं, हात आपलं काम उरकून मोकळे होतात. गच्चीवर यांच्याऐवजी अक्कांना धावायला बोलवायला हवं होतं, हे मला तेव्हा उमगलं.

अक्का स्वतःच गोंधळल्या. बॉल हातात घेऊन मला विचारतात, "याचं काय करू?"

"तिकडे पळा," मी बोट दाखवलं. हो, तेही मीच सांगितलं.

अक्का पळाल्या. जिंकल्या. सर नियमांचं पुस्तक बराच वेळ चाळत होते, पण कुणी बॉल आदराने दिला तर काय करायचं, हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

घरी जाताना स्कूटीवर मागे स्वरा. पांझरा नदीचा पूल आला. मी म्हणाले, "ठरल्याप्रमाणे उद्या सरांना सांगते. नाव काढते."

"आई, मी घाबरून द्यायचे."

"हो गं."

"तू तर घाबरली पण नव्हतीस."

मी गाडीचा वेग जरा वाढवला.

मागून तिने माझ्या पाठीवर हनुवटी टेकवली. "नाव नको काढूस. मी खेळते."

मला वाटलं, हरले तरी मी खचले नाही, ते पोरीने पाहिलं. म्हणून विचारलं, "का गं? कशामुळे ठरवलंस?"

"आपल्या घरात एकीला तरी जमायला पाहिजे ना," स्वरा म्हणाली.