राजपुत्र वसंत

जुन्या नावाने हाक मारली, तर अंगावर बैल धावून येत असला तरी वसंत मागे वळायचा नाही. घरादाराने त्याला मुलगी म्हणून वाढवलं होतं. विशीत त्याने केस कापले, धोतर नेसलं आणि स्वतःच स्वतःचं बारसं केलं. "गाव मले नावं ठेवतेच, मंग एक नाव मीच ठेवलं तं काय बिघडलं?" म्हणायचा.

मी त्याचा दंडारीतला जोडीदार. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीचं, पूर्व विदर्भाचं, जुनं लोकनाट्य. त्यात बायांची कामंही बाप्येच करत आले, आणि मिशी काढून राणी होण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. मला टाळ्या मिळायच्या. वसंतने राजपुत्र व्हायचं म्हटलं की मात्र सगळ्यांची तोंडं कडू. तो सरळ विचारायचा, "हा लुगडं नेसते तं कला, अन् मी धोतर नेसलो तं काऊन पोटात दुखते?"

वरोऱ्याच्या बाजारात त्याला रशियन लोककथांचं एक फाटकं पुस्तक सापडलं होतं. त्यातली एक राजकन्या पुरुषवेशात लढाई जिंकते आणि शेवटी घरी येऊन मुकाट लग्न करते. वसंतला हे मुळीच पटलं नाही. ती राजकन्या नव्हतीच, राजपुत्र होता, असं त्याचं ठाम मत. मग त्याने स्वतःच दंडार रचली. कोंबडीच्या पायांवर चालणाऱ्या झोपडीतली चेटकीण रागाने शाप देते, 'बाप्या हो', आणि नायक आनंदाने नाचू लागतो. रशियाची गोष्ट इथे कोणाला कळणार, असं मी म्हटलं. "तिथीबी जंगल हाय, जंगलात म्हातारी हाय. अजून काय पायजे तुले?" चेटकीण अर्थातच मी होतो.

गावच्या मंडळाने अट घातली. शेवटी शाप उतरला पाहिजे आणि नायकाने सगळ्यांसमोर लुगडं घेऊन बाई झालं पाहिजे, नाहीतर मांडव मिळणार नाही. वसंत हो म्हणाला. मला त्याचा भयंकर राग आला. त्यात दंडारीच्या रात्री बायांच्या गर्दीत त्याची आई येऊन बसलेली. त्याने धोतर नेसून वेगळं घर केल्यापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती.

शेवटच्या प्रवेशात मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतः हिरवं लुगडं रंगमंचावर आणून दिलं. वसंतने ते कपाळाला लावलं आणि घडी न मोडता माझ्या हातात ठेवलं.

"पोरगा झाला का सुईणीले लुगडं द्या लागते. बुढे, तूच माही सुईण."

ही रीत अध्यक्षांच्याही घरची होती, नाही म्हणायची सोय नव्हती. बाया आधी हसल्या, मग टाळ्या वाजवू लागल्या, आणि मी चेटकिणीच्या वेशात ढसाढसा रडलो.

सकाळी वसंतची आई माझ्या दारात उभी. लुगडं दे म्हणाली. मी विचारलं, काऊन बाई?

"तू कायची सुईण? पोरगा म्या जन्माले घातला."

तेच लुगडं नेसून ती भर बाजारातून वसंतच्या घराकडे चालत गेली.