फॉलो अप

परळच्या एका गल्लीत झेरॉक्सचं छोटं दुकान होतं. ते चालवणाऱ्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. ओल्या स्पंजवर बोट टेकवून त्या कागद मोजत आणि एखादा कोपरा दुमडलेला दिसला, की तळहाताने सरळ करत.

नोकरीच्या मुलाखतीनंतर मला मेल आला होता. आम्ही पंधरा दिवसांत कळवलं नाही तर फॉलो अप करा, असं त्यात होतं. शब्दकोशात अर्थ सापडला, पाठपुरावा करणे. पण आमच्या गावच्या शाळेत एकच गोष्ट दोनदा विचारणं उद्धटपणाचं समजत. महिना गेला. शेवटी दुसरीकडे अर्ज करायचा म्हणून मी पुन्हा मावशींकडे प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स काढायला गेलो.

“त्या नोकरीचं काय झालं रे?” मावशींनी विचारलं. मी मेल वाचून दाखवला.

“मग केलास फोन?”

“बरं नाही दिसत, मावशी.”

“मेल्या, हे मशीन बिघडलं की मी मेकॅनिकला रोज अकराला फोन करते. आधी चहा झाला का विचारते, मग मशीनचं. वैतागतो, पण येतो. लाव फोन.”

मी नंबर लावला, तसं त्यांनी चालू मशीन बंद केलं. मागच्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, “दोन मिनिटं थांबा, पोराचा फोन चाललाय.”

पलीकडून सोमवारी कागदपत्रं घेऊन यायला सांगितलं.

आता त्याच ऑफिसातून उमेदवारांना तो मेल मीच पाठवतो. ज्यांचा फोन येत नाही त्यांना मी फोन करतो, आणि आधी चहा झाला का विचारतो.