सुहासच्या नावावरचा जिना

सुहास परब गेल्याचा फोन मला सुहासच्याच नंबरवरून आला. परळच्या आमच्या ऑफिसात त्या सकाळी सगळे त्याची वाट बघत बसले होते. आम्ही नकाशे ज्या सॉफ्टवेअरवर काढतो त्याची नवी आवृत्ती घ्यायची की नाही, हे त्या दिवशी ठरायचं होतं. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस टाय बांधून वेळेवर हजर होता, त्याचा दुसरा चहा चालू होता, आणि सुहासला आज काय काय सुनवायचं याची मी मनात उजळणी करत होते. स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं तशी मी फोन उचलून सरळ सुरूच झाले, "कुठे तडमडलायस रे? लोक येऊन बसलेत इथे." पलीकडून त्याच्या बायकोचा, मीनलचा, अगदी सपाट आवाज आला. "वृंदाताई, सुहास गेला. निघायची तयारी करता करता पडला... डॉक्टर म्हणाले, तिथेच संपलं." मी विचारलं, "कुठे गेला?" हे मी खरंच विचारलं. फोन ठेवल्यावर कंपनीचा माणूस अदबीने म्हणाला, "मॅडम, आजचं कॅन्सल करू या का?" मी त्याला म्हटलं, "बसा ना, येईलच तो." तोंडातून तेच निघालं. शेवटी मेस्त्रींनी, म्हणजे आमच्या सर्वांत जुन्या ड्राफ्ट्समननी, माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि मला खुर्चीत बसवलं.

याला आता काही आठवडे झाले. लोक म्हणतात, काळ गेला की माणूस सावरतो. मला तसं काही दिसत नाही. अजूनही दुपारी डबा उघडला की मी झाकणात त्याच्यासाठी भाजी काढते आणि मग ते झाकण हातात धरून मूर्खासारखी उभी राहते. धडधाकट माणूस. आदल्या दिवशी साइटवर पायऱ्या चढताना माझी थट्टा करणारा. मला याचा रागही येतो, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नाही.

आमची ओळख आर्किटेक्चर कॉलेजातली. मी गिरगावातल्या फणसवाडीची, तो लालबागचा. पहिल्या वर्षी आम्हाला आपापल्या घराचा मोजून नकाशा काढून आणायला सांगितला होता. सुहासने आणलेल्या नकाशात एकच खोली, एक मोरी, आणि जमिनीवर रांगेने आडवे आयत. प्रत्येकात एकेक नाव. आई, बाबा, तात्या, गाववाले भाऊ... सर म्हणाले, "परब, आधी फर्निचर दाखव." तो म्हणाला, "सर, फर्निचर नाहीच. माणसंच आहेत." अख्खा वर्ग हसला, तोही हसला. मला मात्र त्या दिवशी हा मुलगा आवडला, आणि पुढे बरीच वर्षं त्याने डोकं खाल्लं तरी तो आवडायचा थांबला नाही.

त्याचे वडील गिरणीत विणकर. गिरण्यांचा संप झाला तेव्हा सुहास शाळेत होता. सुरुवातीला त्याला बरंच वाटलं, बाबा दिवसभर घरी म्हणून. मग बाबा आईला आणि धाकट्या बहिणीला घेऊन मालवणकडे गावी गेले, आणि शाळा बुडू नये म्हणून याला करी रोडला मावशीकडे ठेवलं. तो संप मिटला असं कोणी म्हणत नाही, तो विरत गेला. पुढे गिरणी अर्धीमुर्धी सुरू झाली तेव्हा वडिलांच्या खात्यात नवे माग बसले होते आणि ते चालवायला नवी माणसं. वडिलांनी उरलेली वर्षं एका इमारतीत रखवालदारी केली. सुहास हे फारसं बोलायचा नाही. एकदाच, नव्या ऑफिसच्या भिंतींना आम्ही दोघं हाताने रंग लावत होतो तेव्हा म्हणाला, "बाबांना ते माग जमले असते की नसते, देव जाणे. पण एकदा बसवून तर बघायचं ना माणसाला. कोणी विचारलंच नाही गं." आणि लगेच, "तिकडे ब्रश नीट फिरव, पट्टे दिसतायत," म्हणून माझ्यावर खेकसला.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं म्हणून सगळं चांगलंच लिहिणार नाही, कारण मग तो सुहास राहणार नाही. त्याने आयुष्यात कुठलीही वेळ पाळली नाही. ऑफिसात बांगड्याचं तिखलं आणून तो ते उघड्यावर खायचा, आणि नाकाला रुमाल लावलेल्या क्लायंटला आग्रह करायचा, "घ्या हो, आईने केलंय." कोणाच्याही घरी गेला की आधी आत स्वयंपाकघरात शिरून पाण्याचं पिंप कुठे ठेवलंय ते बघायचा, मीनलला त्यावरून किती लाज वाटायची ते तिलाच विचारा. आमची भांडणं तर इतकी व्हायची की खालच्या मजल्यावरचा शिंपी वर येऊन विचारायचा, सगळं ठीक आहे ना. पण आमची भागीदारी टिकली, कारण भांडण झालं की चहा कोणी सांगायचा हे ठरलेलं होतं. जो चुकला त्याने. बहुतेक वेळा तोच सांगायचा, आणि आपण चुकलो हे मात्र कबूल करायचा नाही.

या नव्या आवृत्तीवरूनही भांडण झालंच. गोष्ट साधी होती. आजवर आम्ही कॉम्प्युटरवर नकाशा काढत होतो तो कागदावर काढल्यासारखाच, रेघ मारून. नव्या आवृत्तीत रेघ मारायची नसते, भिंत उभी करायची असते. एका ठिकाणी बदल केला की नकाशा, दर्शनी बाजू, छेद, सगळीकडे तो आपोआप होतो, आणि ऑफिसातले सगळे जण एकाच वेळी एकाच नकाशात काम करू शकतात. करी रोडच्या एका चाळीच्या पुनर्विकासाचं काम आमच्याकडे आलं होतं आणि बिल्डरला नकाशे असेच हवे होते. म्हणून कंपनीकडून आम्ही ती आवृत्ती थोड्या दिवसांसाठी वापरून बघायला घेतली. प्रश्न होता मेस्त्रींचा. ड्रॉइंग बोर्डवरून कॉम्प्युटरवर येतानाच त्यांच्या नाकी नऊ आले होते, निवृत्तीला अजून अवकाश होता, आणि घरी मुलीचं लग्न व्हायचं होतं. मी सुचवलं, तरुण मुलं नव्यावर काम करतील, मेस्त्रींना कोपऱ्यात जुनं मशीन ठेवू या, जुन्या फायली त्यांनी सांभाळाव्यात. मला ते रास्त वाटत होतं. सुहासचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "कोपरा म्हणजे काय ते मी बघितलंय, वृंदा. आधी माणसाला कोपऱ्यात बसवतात, मग म्हणतात, या कोपऱ्याचं काय करायचं?"

मग त्याने आपल्या पद्धतीने निकाल लावला. नवी आवृत्ती तपासणार मेस्त्री. त्या चाळीच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीचा एक भाग त्यांनी त्यावर काढायचा. जमला तर घ्यायचं, नाही जमला तर कंपनीच्या माणसाला चहा पाजून परत पाठवायचं आणि बिल्डरला सांगायचं, दुसरा आर्किटेक्ट बघ. मेस्त्री हात जोडून म्हणाले, "साहेब, माझ्यावर कशाला? पोरं आहेत की." सुहास म्हणाला, "पोरांना सगळंच जमतं हो. त्यांना जमलं म्हणून मला काय कळणार?" मी कपाळाला हात लावला. एवढं मोठं काम एका माणसाच्या भीतीवर टांगून ठेवायचं, हा काय व्यवहार झाला? मी तसं बोललेही. त्याने चहा सांगितला.

मेस्त्रींनी भिंती उभ्या केल्या, खिडक्या बसवल्या. दिवसातून दोनदा डोकेदुखीची गोळी घ्यायचे, पण काम पुढे सरकत होतं. अडलं ते जिन्यात. इतकी वर्षं जसा काढला तसाच त्यांनी तो काढला, पायऱ्यांच्या रेघा आणि वर जाणारा बाण. कागदावर बिनचूक. सुहासने स्क्रीनवर इमारत फिरवून बाजूने बघितली तर इमारत ताठ उभी, आणि जिना प्रत्येक मजल्यावर चटईसारखा पसरलेला. सुहासला हसू आवरेना. "मेस्त्री, लोकांनी काय गॅलरीतून उड्या मारायच्या?" आम्ही सगळेच हसलो. मेस्त्री हसले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, "साहेब, मला नाही जमायचं. मी घरी बसतो, म्हणजे तुम्हाला हे घेता येईल. माझ्यापायी काम घालवू नका." सुहासचं हसू तिथेच थांबलं. खुर्ची ओढून तो त्यांच्याजवळ बसला. "घरीबिरी कोणी बसणार नाही. हा जिना आज माझ्याकडे राहू दे. उद्या कंपनीचा माणूस यायच्या आधी आपण दोघं बसू, मी दाखवतो. लवकर येतो." मी बॅग खांद्याला लावत म्हटलं, "तू आणि लवकर?" तो म्हणाला, "बघच." आमच्यात झालेलं शेवटचं बोलणं एवढंच. इतक्या वर्षांच्या बडबडीनंतर, एवढंच.

भोईवाड्याला स्मशानात किती माणसं आली होती ते सांगता येणार नाही. लालबागचे, करी रोडचे, साइटवरचे गवंडी, आम्हाला कोर्टात खेचणारा एक जुना क्लायंटसुद्धा. मला त्यातलं काही धड आठवत नाही, मीनलने धरलेला माझा हात तेवढा आठवतो. ऑफिस पुन्हा उघडलं तेव्हा कंपनीचे फोन सुरू झाले होते. मुदत संपत आली, काय ठरलं? बिल्डरही विचारत होता. मी मेस्त्रींना म्हटलं, "जाऊ दे. नको ते सॉफ्टवेअर. काम सोडून देऊ." मेस्त्री म्हणाले, "साहेबांनी तपासायला सांगितलं होतं, मॅडम. तपासून व्हायचंय अजून." आणि त्यांनी नकाशा उघडला.

थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. जिन्याला हात लावला की स्क्रीनवर एक चौकट येत होती. एकाच नकाशात अनेक जण काम करतात, तेव्हा एकाने दुसऱ्याचं बिघडवू नये म्हणून त्यात एक सोय आहे. जो भाग एखाद्याने हाती घेतला तो त्याने सोडेपर्यंत त्याच्या नावावर राहतो. बाकीच्यांना तो दिसतो, बदलता येत नाही. हवा असेल तर त्याच्याकडे मागायचा. चौकटीत इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा: हा भाग सुहास परब यांच्याकडे आहे, त्यांनी सोडल्याशिवाय बदल करता येणार नाही.

मी ते कितीदा वाचलं कोण जाणे. मशीनला कोणी सांगितलंच नव्हतं. मुलं म्हणाली, साहेबांच्या मशीनवरून सोडवून घेऊ, पासवर्ड सगळ्यांना माहीत आहे. सुहासचा पासवर्ड अर्थातच बांगडा होता. मी त्याच्या खुर्चीत बसले, मशीन सुरू केलं, त्याच्या नावाने नकाशा उघडला. एक बटण दाबलं की झालं असतं. तेवढ्यात मेस्त्री आपल्या जागेवरून म्हणाले, "थांबा मॅडम. असा नाही घेणार. आधी मागतो." आणि सुहासच्या स्क्रीनवर, माझ्या डोळ्यांसमोर, दुसरी चौकट उघडली. मेस्त्री यांना हा जिना हवा आहे, द्यायचा का? खाली हो आणि नाही. सुहासच्या माउसवर माझा हात होता. तो गेल्यापासून मी रडले नव्हते. तिथे, सगळ्या मुलांसमोर, हुंदके देऊन रडले, आणि हो दाबलं.

मेस्त्रींचा जिना त्या दिवशी दोनदा आडवा पडला. तिसऱ्यांदा उभा राहिला. त्यांनी इमारत सावकाश फिरवून सगळ्या बाजूंनी बघितली, गोळीचं पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं आणि मला म्हणाले, "घ्या मॅडम, चालेल हे." आम्ही ती आवृत्ती घेतली. संध्याकाळी निघताना मेस्त्रींनी जरा चाचरत विचारलं, "जिना परत साहेबांच्या नावावर ठेवू? उद्या मागून घेईन." मी नको म्हणू शकले नाही. तेव्हापासून सुहासच्या नावाचं खातं आम्ही बंद केलेलं नाही. संध्याकाळी मेस्त्री जिना सोडतात आणि मी तो सुहासच्या नावावर घेते. सकाळी ते मागतात, आणि मी सुहासच्या खुर्चीत बसून हो म्हणते. मुलांना आमचं डोकं फिरल्यासारखं वाटत असेल, पण बोलत नाहीत बिचारी.

परवा मी सकाळची बाहेरची कामं उरकून उशिरा ऑफिसात पोचले तर मेस्त्रींच्या खुर्चीमागे बिल्डरचा नवा इंजिनिअर उभा होता. सुहासला त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. जिन्याची रुंदी वाढवायची होती आणि तो घाईत होता. मेस्त्री मांडीवर हात ठेवून शांत बसले होते. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. "जिना परबसाहेबांकडे आहे," ते त्याला सांगत होते, "त्यांनी सोडला की लगेच करून देतो." इंजिनिअर म्हणाला, "मग त्यांना सांगा ना, काका." मेस्त्री म्हणाले, "विचारलंय."

मी दारातच थबकले. मग आत जाऊन सुहासच्या खुर्चीत बसले. चौकट उघडून वाट बघत होती. त्या दिवशी हो दाबायला मला बराच वेळ लागला... मेस्त्रींनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.