अक्षतांपुरता राजा

भूगावच्या एका मंगल कार्यालयात मी लग्नांचे फोटो काढतो. तिथं फेटे बांधायला पौडहून एक चाचा येतात. फेट्याचं शेवटचं टोक खोचताना ते प्रत्येक नवरदेवाला हळूच सांगतात, "राजा हायस, पण लोकांनी बसवलेला. हुकूम बेतानं सोडायचा."

परवा दारात आलेला घोडा पांढरा नव्हता, म्हणून एक नवरदेव मुलीच्या वडिलांवर सगळ्यांदेखत ओरडला. चाचांनी शांतपणे त्याचा फेटा उतरवला आणि ते त्याची घडी घालत बसले.

"अहो चाचा, मुहूर्त जवळ आलाय!" नवरदेव म्हणाला.

"आदी त्यांची माफी माग. मग बांधतो."

मग नवरदेव उघड्या डोक्यानं सासऱ्यांपुढं गेला आणि त्यानं हात जोडले.

मी कॅमेरा उचलला, तर चाचांनी मानेनंच नको म्हटलं.