पंपघरातला शंकासुर

शंकासुर हे नाव आम्हीच ठेवलेलं. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्याने आणि मी शेजारशेजारच्या टेबलांवर सबंध नोकरी काढली. दोघंही इंजिनिअर. त्याची खुर्ची कायम भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून. कोपऱ्यात दोघं जण बोलताना दिसले की हा उठून यायचा. "माझ्याबद्दल काय चाललंय?" फोन उचलायचा नाही. काही सांगायला जावं तर म्हणायचा, "तोंडी नको, लिहून द्या. उद्या उलटाल." स्वभावाला औषध नाही म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

मोठ्या साहेबांच्या मनात मात्र वेगळीच पाल चुकचुकत होती. पंप तपासायचा झाला की शंकासुर ऑपरेटरांना बाहेर काढून दार लावून घ्यायचा. थोड्या वेळाने बाहेर येऊन सांगायचा, "अलीकडचं बेअरिंग जातंय." उघडून बघावं तर खरंच गेलेलं.

"याला आधीच कसं कळतं?" साहेब मला म्हणाले. "हाच काहीतरी ढिलं करून ठेवत असणार. म्हणजे याच्यावाचून कुणाचं पान हलायला नको. लक्ष ठेवा जरा."

मी ठेवलं. एकदा दाराच्या काचेतून पाहिलं, तर हा चालू पंपापुढे गुडघे टेकून बसलेला. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपावर, आणि दांडा चक्क दातांत! डोळे मिटलेले. पंपाचा आवाज आम्हीही तसा ऐकतो, पण दांडा कानाला लावून. हा प्रकार मला काही सरळ वाटला नाही. तेवढ्यात त्याने डोळे उघडले, मला पाहिलं. त्यानंतर डबासुद्धा त्याने कधी माझ्यासमोर उघडला नाही.

मग एका सुट्टीच्या सकाळी घरी चहा पिता पिता तो गेला. हृदय थांबलं. साहेबांनी मला त्याच्या कपाटाच्या किल्ल्या आणायला धाडलं. "घरात आणखी काय दिसतंय तेही बघा," असं हळूच म्हणाले.

मी बेल दाबली. आवाज आलाच नाही. पडद्याआड एक लाल दिवा मात्र लुकलुकला. दार साखळीपुरतं उघडलं.

"वहिनी, मी ऑफिसातला. शेजारच्या टेबलावरचा."

"साहेबांनी पाठवलं? झडती घ्यायला?" केवढ्यांदा बोलत होत्या त्या!

"किल्ल्या न्यायला."

मला आपादमस्तक न्याहाळून त्यांनी साखळी काढली. खोलीत सगळ्या खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या, वर झगझगीत दिवे. टीव्ही चालू, पण मुका. खाली नुसती अक्षरं सरकत होती.

"बेल बिघडलीय का?" मी विचारलं.

वहिनींनी आधी दार लावून घेतलं. मग पहिल्यांदाच हळू बोलल्या. "ह्यांना ऐकू येत नव्हतं. एक कान आधीपासूनच अधू, दुसरा तुमच्या त्या पंपांच्या आवाजाने गेला. बहिऱ्याला पंपघरात कोण ठेवणार? ओठ बघून निभावून नेलं. आणि यंत्राची थरथर दातांतून कळायची. कानांपेक्षा बरी कळते, म्हणायचे."

"मला सांगितलं असतं तर..."

"तुमचाच तर सगळ्यांत जास्त संशय होता!"

"माझा? का?"

त्यांनी माझ्या झुपकेदार मिशीकडे बोट दाखवलं. "ओठ कुठे दिसतात तुमचे? एक अक्षर कळायचं नाही. घरी येऊन चिडायचे, तो मिशाळ मुद्दाम तोंडातल्या तोंडात बोलतो, माझ्या वाइटावर आहे."

मला हसू फुटलं, आणि लगेच विरलं. तो टक लावून आमच्या तोंडांकडे बघायचा. आम्ही म्हणायचो, चोराच्या मनात चांदणं.

"साहेबांना सांगाल?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"बघू," त्या म्हणाल्या. किल्ल्या हातावर ठेवतानाही त्यांची नजर माझ्यावरून हलली नाही.

साहेबांनी कपाट स्वतः उघडलं. रबरी हातमोजे, पुसायची फडकी, एक जुनं स्वेटर. त्यांनी स्वेटरचे खिसेसुद्धा उलटे केले.

"घरी काय कळलं?"

"काही नाही."

"मग एवढा वेळ काय करत होतात?"

"वहिनींशी बोलत होतो," मी म्हटलं. साहेब माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांनी कपाटाची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.