यादीत घुसवलेला कॅचर

ये गं सुलू, अशी जवळ बस. दारातूनच "अक्का, बरी आहेस ना" म्हणायचं आणि निघायचं, ही कुठली पद्धत काढलीस? मेहरूणला येऊन तलावावर फोटो काढायला वेळ आहे, आणि अक्काच्या हातचा चहा प्यायला नाही? टेक जरा. तो मोबाइल पालथा ठेव. सांगते ते नीट ऐक, कारण भूषणकडून ऐकशील तर तो माझी बाजू गाळून सांगतो.

तर गोष्ट एवढीच आहे, की मी माझ्या भाच्याची बेसबॉलमधली कारकीर्द शनिवारी एकदा बुडवली आणि रविवारी पुन्हा बुडवली. दोन्ही वेळा त्याच्या भल्यासाठी.

भूषण म्हणजे माझ्या शिरपूरच्या भावाचा मुलगा. फार्मसी शिकायला जळगावला माझ्याकडे आला आणि बेसबॉल शिकला. (फार्मसीही झाली, पण ती मध्ये मध्ये.) कॅचर आहे तो. फेकणारा फेकतो, मारणारा मारतो, आणि आमचा हा मारणाऱ्याच्या मागे तोंडाला पिंजरा लावून उकिडवा बसतो आणि जे हुकेल ते झेलतो. आमचे हे म्हणतात, "लग्नाआधी चांगली तयारी झाली पोराची!"

लग्न झालं धुळ्याच्या पल्लवीशी. ती तिथं शाळेत शिकवते. तिला सुट्टी रविवारी, आणि रविवारीच ह्याचे इथं सामने. बरं, सामने म्हणजे काय? क्लबाच्या पहिल्या संघात आधीच एक धडधाकट कॅचर, त्यामुळे आमचा हा सात हंगाम दुसऱ्या संघात. पहिल्या संघाला कधी गरज पडली तर बोलवायचे, आणि बाकावर बसवून घरी पाठवायचे. म्हणजे बायको धुळ्यात एकटी बसलेली आणि नवरा जळगावात बाकावर बसलेला! दोघांनीही बसायचंच होतं, तर एका ठिकाणी तरी बसायचं!

अशात धुळ्याच्या क्लबाचा कॅचर पुण्याला नोकरीला गेला. तिथले देवरेसर भूषणला म्हणाले, "मोकळा झालास की ये, जागा तुझीच." आता हे मोकळं होणं काय असतं, ते त्यानं मला स्वयंपाकघरात बसून समजावलं. मी लसूण सोलत होते.

"आत्या, अमेरिकेत मोठ्या लीगच्या खाली छोट्या छोट्या लीग असतात. आपल्या लीगवाल्यांनी नियम तिथूनच उचललेत."

"परवानगी घेऊन?"

"आत्या! ऐक ना. तिथं प्रत्येक क्लबाची एक मोठी यादी असते, चाळीस जणांची. त्या यादीत ज्याचं नाव, तो क्लबानं राखून ठेवलेला. त्याला दुसरं कुणी नेऊ शकत नाही. पण एखादा खेळाडू सात हंगाम खालच्याच संघांत राहिला आणि क्लबानं ठरल्या मुदतीत त्याला मोठ्या यादीत घेतलं नाही, तर तो मोकळा. कुठंही जाऊ शकतो."

"म्हणजे तुझं नाव यादीत नसणं चांगलं."

"बरोब्बर! आपली यादी अठरा जणांची. शनिवारी संध्याकाळी सहाला बंद होते. नानांना माझी आठवण झाली नाही, की सुटलो. म्हणून सांगतो, वसंतनानांसमोर माझं नाव काढायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. नावच नाही."

वसंतनाना म्हणजे क्लबाचे सेक्रेटरी. आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. मी म्हटलं, "मी काय एवढी बोलते का?" आमचे हे पेपराआडून खोकले. त्यांना सर्दी नव्हती.

सुलू, शपथेवर सांगते, नियम मला पक्का कळला होता. शनिवारी दुपारी वांगी आणायला निघाले तेव्हाही तो डोक्यात होता. पण वाटेत क्लबाचं ऑफिस लागतं आणि बाहेरच्या फळ्यावर यादी लावलेली होती. मी फक्त नाव नाही ना एवढं बघायला थांबले. वरून खाली वाचलं. नाही. खालून वर वाचलं. नाही. छान! आणि तेवढ्यात मधे दिसलं, टिनू. आपल्या गिरणीवाल्याचा टिनू! ज्यानं फेकलेल्या चेंडूनं समोरच्याची नाही, स्वतःच्याच घराची काच फुटली होती, तो टिनू यादीत, आणि आमचं पोर नाही?

आता पत्रिकेत नाव गळणं म्हणजे काय असतं, हे तुला सांगायला नको. माझ्या धाकट्या नणंदेच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांत ह्यांचं नाव राहिलं, तर आम्ही लग्नाला गेलो, अक्षता टाकल्या, आणि न जेवता परत आलो. (बाहेर कचोरी खाल्ली, तो भाग वेगळा.) अजूनही तिच्या घरच्या भरिताला आम्ही जात नाही. तेच रक्त उसळलं गं! डोकं म्हणत होतं, अगं बाई, नाव नाही तेच बरं. पण पाय नानांच्या दारात पोचले होते, आणि तोंड तर त्यांच्याही आधी.

"नाना! ही यादी कुणी केली?"

"मी केली. काय झालं अक्का?"

"टिनूचं नाव आहे!"

"आहे की. चेंडू फेकायला पिचर लागतो एक जादा."

"टिनूचं आहे आणि आमच्या भूषणचं नाही? सात वर्षं तुमच्या मैदानावर उकिडवा बसला तो! तेवढा वेळ कोंबडी बसली असती तर पोल्ट्री झाली असती तुमची!"

"अक्का, शांत व्हा. पोरगा चांगला आहे, दुसऱ्या संघात बरा आहे..."

"बरा?" मी म्हटलं. "धुळ्यावाले त्याच्यासाठी जागा राखून बसलेत!"

नानांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"कोण? देवरे?"

तिथं मला कळलं की मी काय केलं. पण कळून काय उपयोग? नाना माझ्यासमोर फोनवर बोलत होते, "हां, टिनू काढा. भूषण घाला. आत्ता पाठवा लीगला, आत्ताच्या आत्ता."

तुला वाटेल मी रडत घरी आले. छे! जिलेबी घेऊन आले. वाटभर मी स्वतःची समजूत घातली होती की शेवटी मान मिळाला, हे काय थोडं आहे? भूषण ओट्यावर ग्लोव्हला तेल लावत बसला होता. मी म्हटलं, "आ कर."

"कसली जिलेबी?"

"तुझं नाव यादीत आलं!"

जिलेबी अर्धी आत, अर्धी बाहेर. तशीच थांबली. मग त्यानं जिलेबी गिळली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आत्या, तू नानांकडे गेली होतीस?"

ह्यांनी पेपर खाली ठेवला. एवढा मोठा प्रसंग असल्याशिवाय ते पेपर खाली ठेवत नाहीत.

संध्याकाळी पल्लवीचा फोन. "आत्या, मी तुमच्यापुढे हात जोडते."

"असू दे गं, आशीर्वाद आहेच."

"आशीर्वादासाठी नाही हो जोडले!" म्हणाली आणि फोन ठेवला. सुनेनं फोन आपटावा आणि मला राग येऊ नये, अशी ती पहिलीच वेळ.

रविवारी सकाळी दारात नाना हजर. हातात गव्हाचा डबा. चेहरा आंबट.

"अक्का, गिरणीवाल्यानं दळण परत पाठवलं माझं. म्हणतो, आधी टिनू, मग पीठ."

"मग?"

"मग काय! घरात सोमवारच्या पोळ्यांची पंचाईत. भूषणला सोडतो मी. टिनूला परत घेतो."

मी तर हरखूनच गेले. "भूषण, ऐकलंस का? सुटलास!" पण भूषण कपाळाला हात लावून बसलेला.

"आत्या, मुदत संपली ना काल. यादीत नाव गेल्यावर क्लबानं सोडलं, तर लगेच मोकळा नाही होत. आधी बाकीच्या क्लबांना विचारतात, पाहिजे का म्हणून. जो क्लब गेल्या हंगामात सगळ्यांत शेवटी आला, त्याला पहिला मान."

"शेवटी कोण आलं?"

"मुक्ताईनगर."

धुळं मावळतीला, मुक्ताईनगर उगवतीला! आधी बायको एका बसवर होती, आता दोन बसवर जाणार. आणि तिथला क्लब चालवणारे आबा कॅचरसाठी हपापलेले, कारण त्यांच्याकडचे सगळे चेंडू थेट मागच्या केळीच्या बागेत जात होते. दुपारी लीगची बैठक होती, त्यात आबा हात वर करणार हे ठरलेलंच.

"आण इकडे आबांचा नंबर," मी म्हटलं. "काल जास्त चांगलं बोलले, आज वाईट बोलते. फिटंफाट!"

"आत्या, नको!" भूषण ओरडला. "हिला आवरा कुणीतरी," म्हणून ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पेपर वर घेतला होता.

आबांनी फोन उचलला तेव्हा मागे बराच गलका होता. आपल्याकडे थंडीत बैठक म्हणजे मळ्यात भरीत-पुरी आलीच. आबा म्हणाले, "बोला अक्का. हात भरिताचे आहेत, थांबा, स्पीकरवर टाकतो."

टाका म्हटलं. माझं काय जातंय?

"आबा, तुम्ही आमच्या भूषणला घेताय म्हणे. शेजारधर्म म्हणून सांगते, त्याचे गुडघे गेलेत. एकदा खाली बसला की भिंतीला धरून उठतो."

"आमच्याकडे खांब आहे मागे. धरेल त्याला."

"चेंडू आला की डोळे मिटतो!"

"आमचा आत्ताचा कॅचर पळूनच जातो अक्का. मिटून का होईना, जागेवर तर राहील."

"खातो किती माहीत आहे का? पुऱ्यांची चळत संपवतो एका बैठकीत!"

"वा! म्हणजे आमच्यातला आहे!"

बघ म्हणजे! पोराचा एक एक दोष काढतेय आणि तो माणूस एक एक दागिन्यासारखा घालून घेतोय. भूषण समोर हात जोडून उभा. आणि मग, सुलू, मला ते सुचलं.

"ठीक आहे आबा," मी म्हटलं. "घ्या मग. पण त्याला परक्या गावी एकटा नाही सोडणार मी. मीही येते राहायला. प्रत्येक सरावाला, प्रत्येक सामन्याला. तुमच्या शेजारीच खुर्ची टाकून बसेन. पोरांना कसं खेळवायचं, ते मी सांगत जाईन तुम्हाला."

तिकडे पुरी चावल्याचाही आवाज नाही.

"अक्का," शेवटी आबा म्हणाले, "कॅचरचं आम्ही बघू कसं तरी. केळीतून चेंडू आणायची सवय झाली आहे आता पोरांना."

मी फोन हातात धरून नाचणारच होते, तेवढ्यात त्यातून दुसरा आवाज आला. "अक्का, मी देवरे. बठ्ठं आयकं मी."

अगं, धुळ्याचे देवरेसर! त्याच बैठकीला, त्याच पंगतीत, आबांच्या मांडीला मांडी लावून बसलेले! गुडघे ऐकले, डोळे ऐकले, पुऱ्या ऐकल्या!

"सर, ते... तसं नाही हो..."

"ते सोडा अक्का. एकच सांगा. तुम्ही धुळाले बी येशात का?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आणि देवरेसर नेमका माझ्या न बोलण्याचा अर्थ 'हो' असा घेऊन मोकळे झाले. बैठकीत भूषणचं नाव निघालं. आबांचा हात वर नाही. देवरेंचा नाही. कुणाचाच नाही. चोपडा, अमळनेर, पाचोरा, सगळे म्हणे भरितात मान घालून बसलेले.

संध्याकाळी भूषण माझ्याशी बोलत नव्हता. जेवलाही नाही. त्या पोराकडे बघून मला खरंच रडू आलं गं. सात वर्षं उकिडवा बसून जे जमवलं होतं, ते मी स्पीकरवर दोन मिनिटांत उधळलं. तेवढ्यात मागच्या दारानं नाना आले. (डब्यात ह्या वेळी पीठ होतं.)

"अरे, तोंड का पाडलंस? कुणीच उचललं नाही तुला. आता मी तुला दुसऱ्या संघात परत पाठवू शकतो, पण तुझे सात हंगाम झालेत. तुला 'नाही' म्हणायचा हक्क आहे."

भूषणनं मान वर केली. "मग?"

"म्हण की 'नाही'. मग तू मोकळा. कुठंही जा."

"नाही!" भूषण एवढ्या जोरात ओरडला की शेजारचं कुत्रं भुंकलं.

सोमवारी पहिल्या बसनं तो धुळ्याला गेला. देवरेसरांनी आधी त्याला दहा वेळा उठायला बसायला लावलं, भिंत लांब ठेवून. मग समोर उभं राहून चेंडू फेकले आणि डोळ्यांत बघत राहिले, मिटतात का म्हणून. दुपारी त्यांचाच फोन आला, "पोऱ्या झकास शे!" आता दर रविवारी भूषण उकिडवा बसतो, पल्लवी समोर बसून टाळ्या वाजवते, आणि दोघं एकाच घरी परत जातात. त्याच्या करारात देवरेसरांनी इतर सगळ्या खेळाडूंसारख्याच अटी घातल्या. फक्त शेवटी हातानं एक जादा लिहिली: खेळाडूच्या आत्यांनी सामना प्रेक्षकांतून पाहावा, आणि क्लबाच्या माणसांशी बोलू नये. भूषणनं म्हणे ती अट वाचायच्या आधीच सही केली. वाचल्यावर पुन्हा एकदा केली.

तेव्हा सुलू, आता पुढच्या रविवारी ये. धुळ्याला जाते मी सामन्याला, पण तिथं चार तास तोंड मिटून बसायचं म्हणजे जीव जातो गं माझा. तू शेजारी बस, मी तुझ्याशी बोलेन. तू तर क्लबाची नाहीस ना?